गिरणीजवळचा बंब

माझं माहेर जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, केळीच्या बागांतलं. सासर धुळे जिल्ह्यात, दोंडाईचा आणि नरडाणा यांच्या मधल्या एका मोठ्या खेड्यात, रेल्वेरुळाला लागून. दोन्हीकडे खानदेशच, पण बोली वेगळी. माहेरी लाकूड 'जयतं', सासरी ते 'बळतं'. हा फरक मला फार विचित्र वेळी कळला.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून चौकातली पिठाची गिरणी माझ्याकडे आली होती. उन्हाळ्याचे दिवस होते, दुपार टळत आलेली. एक बाई धापा टाकत दारात आली आणि ओरडली, "वहिनी, खळवाडीमा बठ्ठं बळी गयं!"

मला वाटलं, कोणाचा तरी बळी गेला. मी पट्टा बंद केला आणि विचारलं, "कोण गेलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने हात धरून मला बाहेर ओढलं आणि गावाच्या कडेला उठलेला धूर दाखवला. तेव्हा उलगडलं. बठ्ठं बळी गयं, म्हणजे सगळं जळून गेलं.

खळवाडी म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे सगळ्यांच्या कडब्याच्या गंजी, गोठे आणि शेतीची अवजारं असतात. आम्ही पोचलो तेव्हा एक गंज पूर्ण पेटली होती आणि वारा तिच्यातले पेटते पाचोळे उचलून पुढच्या गंजीवर नेऊन टाकत होता. मशिदीच्या भोंग्यावरून कोणीतरी लोकांना बोलावत होतं, मारुतीच्या देवळातली घंटा वाजत होती. लोक कमी नव्हते. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लागली होती आणि हातोहात बादल्या येत होत्या. पण शेवटच्या माणसाला आगीच्या जवळ जाता येत नव्हतं. तो लांबूनच पाणी फेकायचा आणि निम्मं पाणी जमिनीवर पडायचं. मीही रांगेत उभी राहिले. माझ्या हातात येणारी प्रत्येक बादली जड होती आणि तिचा उपयोग काही नव्हता, हे मला दिसत होतं. तरी पुढे देत राहिले. दुसरं काय करणार?

त्या गंजीचे मालक आमच्याच गल्लीतले. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. नानांनी विळ्याने दावी कापून बैल मोकळे केले. म्हैस मात्र गोठ्यातून हलेना. धूर भरल्यावर जनावर बिथरतं, बाहेर यायचं सोडून कोपऱ्यात दडतं. नाना दोनदा आत गेले. तिसऱ्यांदा लोकांनी त्यांना कंबरेला धरून मागे ओढलं.

दोंडाईच्याहून बंब बोलावला होता. त्याचा भोंगा आम्हाला ऐकू येत होता, पण बंब दिसत नव्हता. तो रुळाच्या पलीकडे, बंद फाटकाशी उभा होता. एक लांबलचक मालगाडी सिग्नलसाठी फाटकावरच थांबली होती. त्यात कोणाचाच दोष नव्हता. आम्ही सगळे बादल्या घेऊन आगीकडे बघत होतो आणि कान त्या भोंग्याकडे लावून उभे होतो.

बंब आला, तेव्हा त्यावरच्या माणसांनी फार नेटकं काम केलं. खळवाडीला लागून असलेली घरांची ओळ त्यांनी वाचवली. काम आटोपल्यावर त्यांच्यातला एक जण तोंड धूत असताना म्हणाला, "पहिली गंज पेटली तेव्हाच इथे एक पाईप चालला असता, तर दुसरी पेटली नसती." तो सहज बोलला होता. आम्हाला ते लागून राहिलं.

पुढच्या काही दिवसांत गिरणीवर दुसरा विषय नव्हता. दळण टाकायला आलेला माणूस त्याच गोष्टी पुन्हा सांगायचा. एका सकाळी नाना आले. त्यांच्या हाताला अजून फडकं बांधलेलं होतं. गिरणीला लागूनच एका मिस्तरींचं वेल्डिंगचं दुकान आहे. मिस्तरी मुसलमान, त्यांचे वडीलही इथेच बैलगाड्यांच्या धावा बसवायचे. ते आमच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. नाना उभ्याउभ्याच त्यांना म्हणाले, "मिस्तरी, मना टँकर पडेल शे मळामा. ली जा."

टँकर म्हणजे ट्रॅक्टरला जोडायची लोखंडी टाकी. नानांनी ती लिंबाच्या बागेला पाणी द्यायला घेतली होती. बाग वाळली, टाकी पडून राहिली.

"लेके क्या करू, नाना?" मिस्तरींनी विचारलं.

"बंब कर," नाना म्हणाले आणि निघून गेले.

आमच्या गावच्या बंबाची सुरुवात ही एवढीच. सभा झाली नाही, ठराव झाला नाही. मिस्तरींनी टाकीचे गंजलेले पत्रे काढून नवे लावले, मागे चौकट जोडून तिच्यावर विहिरीवरचं एक जुनं डिझेल इंजिन बसवलं. पाईप म्हणून शेतात वापरतात तो चपटा लपेटा पाईप आणला. ज्याचा ट्रॅक्टर जवळ असेल त्याने तो जोडायचा, असं तोंडी ठरलं.

पहिल्या चाचणीला अर्धं गाव चौकात जमलं. इंजिन चालू झालं, पाईप फुगला, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि पाईप मधोमध फाटला. पाण्याचा लोट सरळ माझ्या गिरणीत घुसला. ओळीने ठेवलेले लोकांचे गव्हाचे डबे भिजले. मिस्तरी नखशिखांत ओले होऊन उभे होते. ते पाहून नाना हसले. खळवाडी जळाल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी ओले गहू वाळवायला आमची सगळी गच्ची लागली.

चहाच्या टपरीवर बसून एक गृहस्थ हे सगळं बघत होते. सडपातळ, केस बारीक कापलेले, पायात काळे बूट. ते आमच्याच गावचे, पण उभी हयात जळगावला अग्निशमन दलात नोकरी करून नुकतेच निवृत्त होऊन भावाकडे राहायला आले होते. गर्दी पांगल्यावर ते उठून आले. फाटलेला पाईप त्यांनी हातात घेऊन पाहिला, टाकीला एक चक्कर मारली आणि मिस्तरींना म्हणाले, "काम चांगलं केलंय. आता एक सांगा, आग लागली की तुमच्यातला कोण काय करणार?"

याचा विचारच कोणी केला नव्हता.

त्यांना पुढे सगळे आबा म्हणू लागले. आबांनी ओळखीपाळखीतून जुना पण शाबूत कॅनव्हासचा पाईप आणि पितळी नोझल मिळवलं. आणि दर रविवारी सकाळी, आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानावर, ते दहा-पंधरा गडी जमवून शिकवू लागले. शेतकरी, दुकानदार, मिस्तरींचे दोन भाचे, शाळेचे शिपाई, असे सगळे. मी गिरणी उघडायच्या आधी जाऊन बघत उभी राहायचे.

आबा कधी ओरडायचे नाहीत. कोणी धावत पाईप ओढू लागला की त्याला थांबवायचे. "पळू नका. पळणारा पडतो. पडलेल्याला उचलायला दोघं लागतात. मग पाईप कोण धरणार?" पाणी ज्वाळेवर मारू नका, बुडाशी मारा. आधी वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याला पाठ द्या. विजेच्या तारेजवळ जायच्या आधी वायरमनला फोन. गोष्टी साध्या होत्या, पण आबा त्या पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही.

एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "अक्का, तुमची गिरणी दिवसभर उघडी असते ना?"

"असते."

"आणि टाकी गिरणीजवळच उभी असते. मग फोन तुम्ही घ्या."

मला वाटलं, फोन घेण्यात काय विशेष? आबांनी मला समोर बसवलं आणि स्वतः घाबरलेल्या माणसासारखं बोलू लागले. "लवकर या! आग! सगळं पेटलं! या लवकर!" आणि गप्प झाले. "झाला फोन बंद," ते म्हणाले. "आता कुठे जाणार?"

मग त्यांनी शिकवलं. समोरचा ओरडला तरी आपण हळू बोलायचं. आपण हळू बोललो की तोही थोडा हळू होतो. आणि तीन प्रश्न विचारायचे. कुठे? काय पेटलंय? आत कोणी आहे का? मी ते अहिराणीत पाठ केले, कारण घाबरलेला माणूस प्रमाण मराठीत बोलत नाही. "कोठे? काय बळी ऱ्हायनं? मझार कोनी शे का?" माहेरच्या माणसांनी मला तेव्हा ऐकलं असतं तर हसले असते.

माझा नंबर गिरणीच्या भिंतीवर लाल रंगात लिहिला गेला आणि फोन येऊ लागले. उकिरडा पेटल्याचे, बांधाच्या गवताला लागल्याचे, पाचट जाळताना आग शेजारच्या मळ्यात गेल्याचे. त्याखेरीज इतरही. विहिरीत मांजर पडलं, बंब पाठवा. झाडावर आग्या मोहोळ बसलंय, पाणी मारून उडवा. एकाने लग्नाच्या मांडवात धूळ उडते म्हणून सडा मारायला बंब मागितला. मांजर काढायला मिस्तरींचे भाचे गेले. मांडवाला मी नाही म्हटलं. त्या लग्नाचं आमंत्रण आम्हाला आलं नाही.

माझे यजमान नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात. ते म्हणायचे, "घरात मला पाणी विचारायला माणूस नाही, आणि गावाची आग विझवायला निघाली." पण रविवारी सुट्टी असली की तेही मैदानावर जाऊन पाईप गुंडाळू लागायचे.

सगळं असंच सुरळीत चाललं असतं तर सांगण्यासारखं फार राहिलं नसतं. एका उन्हाळ्यात गावच्या नळाला पाणी येईना. आधी आठवड्याने, मग त्याहूनही उशिरा येऊ लागलं. हातपंप आटले. बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या मळ्यांत जाऊ लागल्या. आणि गिरणीजवळ, चौकाच्या मधोमध, आमची टाकी काठोकाठ भरून उभी होती. आबांचा पहिला नियमच तो होता. बंब रिकामा उभा करायचा नाही.

एका सकाळी आठ-दहा बाया हंडे घेऊन गिरणीवर आल्या. पुढे समोरच्या घरातल्या वहिनी होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, माझ्या बाळंतपणात महिनाभर आमच्या घरी भाकऱ्या करून देणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आम्हले प्यायले पानी नही, आन् हाई टाकी भरेल उभी शे. किल्ली दे."

टाकीच्या नळाला मिस्तरींनी कुलूप लावलं होतं आणि किल्ली माझ्या गल्ल्यात असायची.

मी म्हटलं, "वहिनी, हे आगीसाठी आहे. उद्या कोणाचं घर पेटलं तर?"

"पेटेल तवय देखू. आज पोऱ्यांना घसा कोरडा शे, तो तुले दखात नही का?"

मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "निर्णय तुमचा आहे. पण एवढं लक्षात ठेवा, मे महिन्यात ही टाकी पुन्हा भरायला तुम्हाला पाणी मिळणार नाही." ते खरं होतं. नानांची विहीरही तळाला गेली होती.

मी किल्ली दिली नाही. वहिनी रिकामा हंडा घेऊन वळल्या. त्या दिवसापासून त्यांचं दळण दुसऱ्या गिरणीवर जाऊ लागलं. रस्त्यात समोर आल्या तर पदर सावरून दुसरीकडे बघायच्या.

मे सरला. त्या महिन्यात आमच्या गावात एकही आग लागली नाही, साधा उकिरडासुद्धा पेटला नाही. पाणी टाकीत तापत राहिलं, त्याला शेवाळ धरलं. पाऊस लागल्यावर मिस्तरींनी टाकी धुवायला काढली तेव्हा ते हिरवं पाणी चौकातून वाहत गटारात गेलं. वहिनी त्यांच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. मीही गिरणीच्या दारात होते. माझं बरोबर होतं की त्यांचं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. नानांनी त्यानंतर एक प्लास्टिकची मोठी टाकी आणून शेजारी बसवली आणि जाहीर करून टाकलं की उन्हाळ्यात ही पिण्याच्या पाण्याची. पण वहिनींचं आणि माझं बोलणं काही सुरू झालं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट.

आमच्या भागात थंडीत लाल मिरची वाळवतात. मोकळ्या मैदानावर मिरच्यांचे लालभडक पट्टे पसरलेले असतात, त्या जागेला पथारी म्हणतात. पथारीला लागून व्यापाऱ्याची पत्र्याची शेड असते. तिथे वाळलेली मिरची पोत्यांत भरून रचतात आणि बाया रोजाने देठ खुडत बसतात. माझ्या गिरणीत पिठाच्या जात्याबरोबर मिरची कांडायचं यंत्रही आहे, म्हणून त्या शेडमध्ये मी दर वर्षी मिरची घ्यायला जायचे. तिचा कोपरान् कोपरा मला माहीत होता.

संक्रांत होऊन थोडेच दिवस झाले होते. जेवणाची वेळ टळून गेली होती. फोन वाजला. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "कोठे?"

पलीकडून फक्त खोकला ऐकू आला. बाईचा, न थांबणारा. मी थांबले. पुन्हा विचारलं, "कोठे? काय बळी ऱ्हायनं?" परत खोकलाच. साध्या धुराने माणूस असा खोकत नाही. कांडप यंत्रापाशी उभं राहून मी हा खोकला इतकी वर्षं ऐकला होता, स्वतः खोकले होते. मी विचारलं, "मिरचीना शेडमा का?"

"हां," एवढंच आलं.

"मझार कोनी शे का?"

बराच वेळ खोकून ती म्हणाली, "दोन बाया. म्हाताऱ्या."

मी बाहेर येऊन मिस्तरींना हाक मारली. ते हातातलं काम टाकून निघाले. नानांचा ट्रॅक्टर त्या दिवशी चौकातच उभा होता. टाकी जोडेपर्यंत आबा आले, आणखी चार-पाच जण आले. मी दोंडाईच्याच्या बंबाला फोन लावला, मग वायरमनला. ट्रॅक्टर निघून गेला आणि मी गिरणीत उभी राहिले. माझी जागा फोनजवळ होती.

पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या शेडचं पुढचं दार पोत्यांनी अर्धं झाकलेलं असतं. देठ खुडणाऱ्या बाया मागच्या भिंतीशी उजेडाला बसतात, कारण तिथे वरचे दोन पत्रे पारदर्शक आहेत. आग पुढे लागली असेल तर त्यांना दार नाही. हे आमच्या गड्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी मिस्तरींना फोन लावला, इंजिनच्या आवाजात तो कोण ऐकणार?

तेवढ्यात वाऱ्याबरोबर पहिला भपका चौकात आला. डोळ्यांत पाणी, नाकात आग. लोक दारं लावून घेऊ लागले. समोरच्या घरातून वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर आल्या. त्यांनी मला दारात घुटमळताना पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्या माझ्याशी बोलल्या.

"काय व्हयनं?"

मी सांगितलं. दोन म्हाताऱ्या, मागची भिंत, फोन.

"तू जाय," त्या म्हणाल्या. "फोन मी देखस. काय इचारनं शे, सांग."

मी त्यांना तीन प्रश्न सांगितले, फोन त्यांच्या हातात दिला आणि धावले. आबांनी सांगितलेलं सगळं विसरून धावले.

पथारीवर जे होतं ते धुरासारखं दिसत होतं, पण नुसता धूर नव्हता. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. श्वास घेतला की छातीत कोणीतरी तिखटाची मूठ टाकल्यासारखं व्हायचं. गड्यांनी ओले टॉवेल तोंडाला बांधले होते, तरी पाईप धरलेला माणूस थोड्या वेळात मागे येऊन ओकत होता आणि दुसरा त्याची जागा घेत होता. आबांनी टाकी वाऱ्याच्या बाजूला उभी करायला लावली होती, म्हणून निदान इंजिनापाशी उभं राहता येत होतं. पाणी पुढच्या दाराशी पडत होतं. त्यांना वाटत होतं, दार मोकळं केलं की बाया बाहेर येतील.

मी आबांचा दंड धरला. "त्या मागे आहेत. मागच्या भिंतीशी."

आबांनी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला कसं माहीत. त्यांनी मिस्तरींना खूण केली. मिस्तरी ट्रॅक्टरवरची पहार घेऊन शेडला वळसा घालून पळाले आणि त्यांच्यामागे मी. वारा समोरून असल्यामुळे मागे धूर दाट होता. मी पारदर्शक पत्र्याखालची जागा हाताने चाचपून दाखवली. मिस्तरींनी पत्र्याच्या सांध्यात पहार घातली आणि अंग टाकून दाबली. एक बोल्ट तुटला, दुसरा तुटला. पत्रा कण्हल्यासारखा वाजला आणि कोपऱ्यातून वाकला. आतून लालसर धूर आमच्या अंगावर आला. मिस्तरी तोंड फिरवून खाली बसले. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

"भाभी, हात डालो," ते खोकत म्हणाले. "नीचे से."

मी आडवी पडून फटीतून हात आत घातला. जमिनीलगत हवा थोडी बरी होती. हाताला आधी पोतं लागलं, मग पाय, बोटांत जोडवं असलेला. मी तो ओढला. पाय हलला. आतल्या बाईला कळलं असावं की इथून वाट आहे, कारण ती सरपटत फटीकडे येऊ लागली. तोवर नाना आणि दोघं जण आले, त्यांनी पत्रा आणखी वाकवला. पहिली म्हातारी स्वतःच बाहेर आली. तिने ओल्या पदरात तोंड गुंडाळलं होतं. दुसरी बेशुद्धीच्या कडेला होती, तिला नानांनी काखेत धरून बाहेर घेतलं. मोकळ्या हवेत आल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "मनी पाटी मझारच राही गई."

आपली पाटी आत राहिल्याचं तिला वाईट वाटत होतं. नाना तिच्याजवळच खाली बसले आणि रडू लागले. डोळे सगळ्यांचेच वाहत होते, त्यामुळे कोणाला ते वेगळं दिसलं नसेल. मला दिसलं.

दोंडाईच्याचा बंब आला, त्या दिवशी फाटक उघडं होतं. त्यांनी आणि आमच्या गड्यांनी मिळून संध्याकाळपर्यंत आग विझवली. शेडमधला माल गेला. दुसऱ्या म्हातारीला धुळ्याला नेलं, काही दिवस नळ्या लावून ठेवलं, मग ती घरी आली. तिचा दमा मात्र तेव्हापासून वाढला आहे. थंडीत ती आता बाहेर पडत नाही.

आबांनी मिस्तरींच्या डोळ्यांना बराच वेळ पाणी मारून घेतलं, चोळू दिलं नाही. माझ्या हातांची इतकी आग होत होती की घरी येऊन तेलात बुडवून बसले. त्याआधी मी गिरणीवर परतले तेव्हा वहिनी अजून फोनजवळ होत्या. मध्ये काही फोन आले होते, शाळेतून, रेल्वे स्टेशनवरून, बंबाच्या लोकांकडून. त्यांनी सगळ्यांना उत्तरं दिली होती. मला बघून त्या उठल्या, आत जाऊन गूळ आणला आणि माझ्या तोंडात खडा घातला. दुसऱ्या दिवशी त्यांचं बाजरीचं दळण माझ्याकडे आलं. त्या पिठाच्या भाकरीने त्यांच्या घरात सगळ्यांची तोंडं पोळली, कारण गिरणीच्या फटीफटीत मिरचीची धूळ बसली होती. दोन-तीन दिवस गावभर तेच चाललं होतं. लोक भाकरी खायचे आणि खोकायचे.

त्या आगीनंतर बंबाला मान मिळाला, पण माणसं कमी होत गेली. नरडाण्याला कारखाने वाढले, तरुण मुलं पाळीने कामाला जाऊ लागली. काही सुरतेला गेली. दिवसा गावात म्हातारे आणि बाया उरतात, आणि आगी बहुतेक दिवसाच लागतात. आबांनी हे सगळ्यात आधी ओळखलं. एका रविवारी मला म्हणाले, "अक्का, आता तुम्ही लोक शिका."

सुरुवातीला मी आणि वहिनी दोघीच गेलो. नंतर मिस्तरींची सून आली, अंगणवाडीच्या बाई आल्या, देठ खुडणाऱ्या बायांपैकी दोघी आल्या. लुगडी-साड्यांचा प्रश्न आला. काहींनी कासोटा मारला, काहींनी सलवार घातली, मिस्तरींच्या सुनेने ओढणी कंबरेला करकचून बांधली. पाण्याचा दाब आला तेव्हा वहिनींच्या हातातून नोझल निसटलं आणि त्या चिखलात बसल्या. आबा धावले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं, चालत जाऊन विचारलं, "लागलं का?" वहिनी चिखलातूनच म्हणाल्या, "नही. परत चालू करा."

आबांची प्रकृती उतरल्यावर त्यांच्या मुलाने त्यांना जळगावला नेलं. गेल्या वर्षी मी माहेरी जाताना त्यांना भेटायला गेले. मुलाचं घर डाळमिलच्या भागात आहे, रिक्षातून उतरलं की हवेत तुरीचा भुसा लागतो. आबांना आता नीट ऐकू येत नाही. सुनेने चहा केला. मी मोठ्याने एकेकाची खुशाली सांगत होते, ते मान डोलवत होते. निघताना ते जिना उतरून खालपर्यंत आले, एकेका पायरीवर थांबत. मी म्हटलं, "आबा, कशाला त्रास?" ते म्हणाले, "बसून बसून पाय विसरतील." मग रिक्षावाल्याला त्यांनी बजावलं की बाईंना स्टँडच्या आत सोडायचं, बाहेर नाही.

परवाच एक फोन आला. शाळेमागच्या माळावर गवत पेटलं होतं. मिस्तरी बाहेरगावी गेले होते. गावात त्या वेळी बंबाचे पुरुष म्हणजे नानाच, आणि तेही आता काठी घेऊन चालतात. ट्रॅक्टर मिस्तरींच्या सुनेने काढला. आम्ही पाच जणी होतो. वारा पाहिला, पाठ दिली, बुडाशी पाणी मारलं. शाळेचं कुंपण काळं झालं, बाकी काही नाही. पोरं खिडक्यांतून बघत होती. काम आटोपून पाईप गुंडाळेपर्यंत नाना तिथवर चालत आले. त्यांनी काठीच्या टोकाने राख उकरून पाहिली, खाली कुठे लाल आहे का म्हणून. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मी चहा सांगी ठेयेल शे. चला."

टपरीवर आम्ही सगळ्या ओल्या साड्यांनिशी बाकावर बसलो. चहावाला पैसे घ्यायला तयार नव्हता, त्यावरून वहिनींचा आणि त्याचा वाद सुरू झाला. नाना बशीत चहा ओतून गार होण्याची वाट बघत होते.